आरव्हीच्या टाकीतलं पाणी: ब्लीच किती, कधी आणि शेवटच्या नळापर्यंत कसं पोचवायचं

मे महिना आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रश्न ठरलेले. एक, आईबाबा भारतातून आलेत, आरव्ही (आत किचन-बाथरूम असलेली राहायची गाडी) घेऊन यलोस्टोनला जायचंय, तर त्यातलं पाणी प्यायला चालतं का? आणि दुसरा, फिल्टर कुठला घेऊ? दुसऱ्यावर धडाधड लिंका येतात, पहिल्यावर सगळे "आम्ही तर बाटल्याच नेतो बाबा" म्हणून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच की अमेरिकेत बहुतेक कॅम्पग्राउंडच्या नळाला येणारं पाणी ठीक असतं, ते बिघडतं आपल्या गाडीत आल्यावर. प्लास्टिकची टाकी, उन्हात तापलेली, त्यात आठ-पंधरा दिवस साठलेलं शिळं पाणी, त्यातलं क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं, आणि पाइपांच्या आतून हळूहळू धरणारा बुळबुळीत थर. तो थर महागातल्या फिल्टरने निघत नाही. तो निघतो ब्लीचने, आणि ब्लीच प्रत्येक नळापर्यंत पोचलं तरच. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकतात ना, काम तेच, फक्त इथे विहिरीला दहा फाटे फुटलेत.

आधी पाणी जातं कुठून कुठे ते डोक्यात पक्कं करा. मधल्या साइजच्या ट्रॅव्हल ट्रेलरला साधारण ३० ते ६० गॅलनची फ्रेश टँक असते. तिच्यातून १२ व्होल्टचा पंप पाणी ओढतो, पंपाच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते (ही कोणी उघडून बघत नाही, बघा एकदा, प्लास्टिकचा कीस आणि काय काय निघतं), तिथून पेक्सच्या (एक प्रकारचं प्लास्टिक) लाल-निळ्या पाइपांनी किचन, बाथरूम, टॉयलेट, बाहेरचा शॉवर, आणि एक फाटा वॉटर हीटरला. दुसरा रस्ता म्हणजे सिटी वॉटरचं कनेक्शन, होज (बाहेरची नळी) लावली की पाणी थेट पाइपांत, टाकीचा संबंधच नाही. इथेच गोम आहे. फुल हुकअपवर (म्हणजे पाणी, वीज, सांडपाणी सगळं जोडलेल्या जागेवर) दोन आठवडे राहिलात तर नळाला ताजं पाणी येत राहतं आणि टाकीत मात्र मागच्या ट्रिपचं अर्धं भरलेलं पाणी तसंच उकडत पडलेलं असतं, मग एक दिवस हुकअप नसलेल्या ठिकाणी जाता, पंप चालू करता आणि नळातून डबक्याचा वास. म्हणून हुकअपवर जास्त दिवस राहणार असाल तर टाकी सरळ रिकामी करून ठेवा.

मोठी सफाई कधी करायची? हिवाळ्यानंतर पहिल्यांदा काढताना, सेकंडहँड गाडी घेतल्यावर (मालक काहीही सांगो), महिना-दीड महिना पाणी भरून उभी राहिली असेल तर, आणि जिथे भरलं तिथे नंतर पाणी उकळून प्या अशी नोटीस निघाली तर. कायम आरव्हीतच राहणारे लोक साधारण सहा महिन्यांनी एकदा करतात. आणि वास किंवा चव बदलली की तारीख बघत बसू नका, करून टाका.

सामान फार नाही. साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच. लेबल नीट वाचा, "स्प्लॅशलेस" लिहिलेलं घेऊ नका, ते घट्ट केलेलं असतं आणि निर्जंतुक करायला चालत नाही, लॅव्हेंडर-लिंबू असलं काही तर मुळीच नको. सोडियम हायपोक्लोराइट ६ ते ८ टक्क्यांच्या आसपास असलेलं बघा, आणि गॅरेजमध्ये दोन वर्षं पडलेला कॅन वापरू नका, ब्लीचचा जोर काळाबरोबर कमी होतो. एक बादली, नरसाळं, पिण्याच्या पाण्याची होज, हातमोजे, हीटरचा प्लग काढायला पाना, आणि थोडी टेफ्लॉन टेप.

आता कामाला लागू. हे संध्याकाळी सुरू करा, रात्रभर ब्लीच आत राहू दे, सकाळी धुवा, म्हणजे दिवस मोडत नाही.

सगळ्यात आधी वॉटर हीटर बंद, गॅस आणि इलेक्ट्रिक दोन्ही, आणि पूर्ण थंड होऊ द्या. पंप बंद, सिटी वॉटर बंद. मग गरम पाण्याचा एखादा नळ उघडा, हीटरच्या बाहेरच्या दारातला सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून प्रेशर सोडा, आणि मगच खालचा प्लग काढा, आणि काढताना तोंड समोर धरून बसू नका, बाजूला उभे राहा. गरम आणि प्रेशरखालच्या हीटरचा प्लग काढला तर उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर येतो, यात घाई नको. सबर्बन कंपनीचा हीटर असेल तर प्लगबरोबर एक लांब काडी बाहेर येईल, तो अ‍ॅनोड रॉड, त्याला १ १/१६ इंचाचं सॉकेट लागतं. स्टीलची टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, तेच त्याचं काम. पाऊण झिजला असेल तर नवा लावा. अ‍ॅटवूडच्या (आता डोमेटिक) हीटरची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला अ‍ॅनोड नसतो, साधा प्लास्टिकचा प्लग असतो, तिथे हौसेने मेटलचा अ‍ॅनोड घुसवू नका, आटे खराब होतात. तळाशी पांढरा चुरा साठलेला असेल तो होजने किंवा हीटर धुवायच्या बारीक नळीने खळखळून बाहेर काढा.

मग फ्रेश टँकचा ड्रेन उघडा, आणि गाडीच्या पोटाखाली दोन छोटे ड्रेन असतात, बहुतेकदा एक लाल एक निळा, ते पाइपांतला सगळ्यात खालचा पॉइंट, तेही उघडा. नळ सगळे उघडे ठेवा, हवा आत गेल्याशिवाय पाणी पडत नाही.

पाणी पडतंय तोवर फिल्टरची काडतुसं काढून ठेवा. हे विसरलात तर अर्धी मेहनत वाया, कारण फिल्टरमधला कार्बन ब्लीच शोषून घेतो आणि पुढच्या पाइपांत नुसतं पाणी जातं. डबा रिकामा ठेवून झाकण परत लावलं तरी चालतं. नळांच्या तोंडाच्या जाळ्या आणि शॉवरचं डोकंही काढा. त्यावर क्षारांचा पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये वेगळ्या वाटीत भिजत घाला. वेगळ्या म्हणजे वेगळ्याच. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, अमोनियावाले क्लीनर आणि ब्लीच मिसळले तरी विषारी वायूच, आणि आरव्हीचं बाथरूम म्हणजे कपाट, पळायला जागा नाही. टाकी "आधी व्हिनेगर, मग ब्लीच" अशी धुवायची सवय काहींना असते, करायचंच असेल तर मध्ये साध्या पाण्याने पूर्ण धुवून काढा.

आता हिशोब. १५ गॅलन टाकीला पाव कप ब्लीच. म्हणजे ४० गॅलनच्या टाकीला साधारण दोनतृतीयांश कप, १६० मिली धरा. ६ टक्क्यांचं ब्लीच असेल तर पाण्यात क्लोरीन ६०-६५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) घरात येतं, आपल्याला किमान ५० पाहिजे. पिण्याच्या पाण्यात ईपीएची (अमेरिकेची पर्यावरण संस्था) कमाल मर्यादा ४ आहे, त्यावरून लक्षात घ्या की हे पाणी प्यायचं नाही, भांडी घासायची नाहीत, कुत्र्याला द्यायचं नाही, घरात सगळ्यांना सांगा आणि किचनच्या नळाला चिकटपट्टी लावा. जास्त टाकलं म्हणजे जास्त स्वच्छ असं काही नसतं, रबरी सील मात्र खराब होतात आणि धुता धुता नाकी नऊ येतात.

ड्रेन आणि प्लग सगळे बंद करा (प्लगला टेप गुंडाळून). ब्लीच थेट टाकीत ओतू नका, बादलीत गॅलनभर पाण्यात मिसळा आणि नरसाळ्याने भरण्याच्या तोंडातून टाका. माझी पद्धत अशी की हे मिश्रण आधी होजमध्येच ओततो, मग होज नळाला लावून टाकी भरायला घेतो, म्हणजे होजही आतून साफ होते, एरवी होज धुवायचं कोणाच्याच ध्यानात येत नाही आणि वास अनेकदा तिथूनच सुरू होतो. टाकी पूर्ण भरा, ओव्हरफ्लोमधून पाणी बाहेर पडेपर्यंत, कारण टाकीचं छतही धुतलं गेलं पाहिजे.

पंप चालू करा. एकेक नळ उघडा, आधी हवा फुसफुसेल, मग पाणी, मग ब्लीचचा वास येईल. वास आला की बंद, पुढचा नळ. थंड, मग गरम. टॉयलेट फ्लश करा, शॉवर, आणि मागच्या बाजूला फडताळात लपलेला बाहेरचा शॉवर. तो वर्षवर्ष कोणी वापरत नाही, त्यामुळे त्या फाट्यातलं पाणी सगळ्यात शिळं. बर्फ बनवणारा फ्रिज किंवा वॉशिंग मशीन असेल तर त्यांच्या लाइनही धरा. टाकीतलं पाणी खाली गेलं की परत भरून घ्या, आणि बराच भर टाकला तर त्या प्रमाणात ब्लीचही. आणि मधूनमधून ग्रे टँकवर (सिंक-शॉवरचं सांडपाणी साठतं ती टाकी) लक्ष ठेवा, ती भरली की घाण पाणी शॉवरच्या मोरीतून वर येतं.

हीटरमध्ये ब्लीच घ्यायचं की बायपास करायचं (व्हॉल्व्ह फिरवून हीटरला वगळायचं) यावर लोक तासन्‌तास भांडतात. मॅन्युअल काय सांगतं ते आधी बघा. मी असं करतो: गरम पाण्याला वास नसेल तर हीटर बायपास, त्याला नुसता धुतो. बायपासवर असतानाही गरम नळांच्या पाइपांतून ब्लीचचं पाणी फिरतंच. गरम पाण्याला वास येत असेल तर हीटरही भरतो, आणि हीटरची ६ गॅलन हिशोबात जास्त धरतो. काहीही करा, हीटर रिकामा असताना इलेक्ट्रिकचं बटण चुकूनसुद्धा दाबू नका, एलिमेंट मिनिटभरात जळतं.

किमान ४ तास, शक्यतो रात्रभर राहू द्या. त्याहून जास्त दिवस नको. गाडी ब्लॉकभर फिरवून आणली तर पाणी हिंदकळून कोपरे धुतले जातात, फक्त ध्यानात ठेवा की ४० गॅलन म्हणजे सुमारे ३३४ पौंड, दीडशे किलो, वळणावर ते जाणवतं.

सकाळी रिकामं कुठे करायचं? गवतावर नाही, रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात नाही, ओढ्यात तर नाहीच, क्लोरीनने मासे मरतात. घरी सीवरचं (मैलापाण्याच्या लाइनचं) तोंड असेल तर तिथे, नाहीतर डंप स्टेशन, म्हणजे आरव्हीचं घाण पाणी ओतायची ठरलेली जागा. मग स्वच्छ पाण्याने टाकी भरा, सगळे नळ सोडा, रिकामी करा, परत भरा. दोन-तीनदा करावं लागतं. क्लोरीनचा वास साधारण शहरी नळाइतका राहिला की पुरे. खात्री हवी तर स्विमिंग पूलच्या टेस्ट स्ट्रिप्स घ्या, स्वस्त असतात. मग जाळ्या, शॉवरचं डोकं आणि नवी काडतुसं बसवा. जुनी काडतुसं कोरडी करून परत लावू नका, ओला कार्बन कोंदट जागी पडून राहिला की त्यातच जंतू वाढतात.

हे झालं वर्षाचं काम. रोजच्या सवयी याहून महत्त्वाच्या आणि तिथेच लोक ढिसाळ असतात.

कॅम्पग्राउंडचा नळ आपल्याआधी कोणी कसा वापरला देवजाणे. काही महाभाग सीवरची होज त्याच नळाखाली धरून धुतात. म्हणून आधी एका स्प्रे बाटलीतल्या पातळ ब्लीचने नळाचं तोंड पुसा, मिनिटभर पाणी वाहू द्या, मगच होज लावा. डंप स्टेशनवर दोन नळ असतात, त्यातला "पिण्यासाठी नाही" लिहिलेला नळ धुवायचा, तिथून कधीच भरायचं नाही, बोर्ड पडलेला असेल आणि शंका असेल तरी नाही. आणि क्रम कायमचा ठरवून टाका: आधी पिण्याचं पाणी भरून होज आत, झाकणं बंद, मग हातमोजे घालून सीवरचं काम. उलट करायचं नाही. दोन्ही कामांच्या होज वेगळ्या रंगाच्या आणि वेगळ्या कप्प्यात.

पिण्याची होज पांढरी किंवा निळी, पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून विकलेली, शिसं नसलेली. बागेची हिरवी होज नको, तिच्या पितळी टोकांत शिसं असू शकतं आणि उन्हात तापलेल्या प्लास्टिकची चव तर येतेच. वापर झाला की पाणी पूर्ण काढून तिची दोन टोकं एकमेकांना जोडून ठेवा, म्हणजे आत माती-कोळी जात नाहीत. नळाला पहिली गोष्ट प्रेशर रेग्युलेटर, होजच्याही आधी. आरव्हीचं प्लंबिंग ४० ते ६० पीएसआय (दाबाचं माप) एवढ्या प्रेशरला सुखी असतं, काही ठिकाणी शंभरच्या वर प्रेशर येतं आणि मग सिंकखालचा जोड रात्री दोन वाजता सुटतो.

आता फिल्टर, ज्याच्यावर सगळ्यांचा जीव. बाहेर भरताना लावायचा तो गाळाचा, ५ मायक्रॉनचा पुरे. कार्बन फिल्टर किचनच्या नळाशी लावा. भरताना कार्बन लावला तर तो पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो, आणि मग टाकीत जे पाणी आठ दिवस राहणार त्याला काही संरक्षणच उरत नाही. चव छान, पण टाकी लवकर बिघडते. क्लोरीन टाकीत असू द्या, पेल्यात येताना काढा. घेताना एनएसएफचा (फिल्टर तपासून प्रमाणित करणारी संस्था) आकडा बघा: ४२ म्हणजे चव आणि क्लोरीन, ५३ मध्ये शिसं, जिआर्डियासारख्या पोट बिघडवणाऱ्या परजीवींचे सिस्ट (कवचातली अवस्था) वगैरे येतात (कशाकशासाठी सर्टिफाइड आहे ते खाली लिहिलेलं असतं, वाचा), आणि ५५ हा यूव्ही किरणांनी जंतू मारणाऱ्यांचा. आणि एक, आपल्या लोकांचं टीडीएस मीटरवर फार प्रेम, बॅगेतून काढून कॅम्पग्राउंडच्या नळाखाली धरतात आणि आकडा ओरडून सांगतात. टीडीएस म्हणजे फक्त विरघळलेले क्षार. आकडा ३० असलेल्या पाण्यात जंतू असू शकतात आणि अ‍ॅरिझोनातलं ६०० चं पाणी अगदी सुरक्षित असू शकतं, फक्त चहावर तवंग येतो.

बारकं बाळ असेल तर मात्र वेगळं बोलतो. आयोवा, नेब्रास्का अशा शेतीच्या भागात खासगी विहिरीवर चालणाऱ्या छोट्या कॅम्पग्राउंडमध्ये नायट्रेट जास्त असू शकतं, ते साध्या कार्बन फिल्टरने जात नाही आणि उकळून तर उलट वाढतं, कारण पाणी आटतं आणि नायट्रेट तिथेच राहतं. बाळाच्या फॉर्म्युलासाठी दुकानातलं पाणी घ्या, आजी कितीही म्हणाली की उकळलंय ना मग झालं.

जंतूंसाठी मात्र उकळणं पक्कं. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, आणि ६,५०० फुटांच्या वर ३ मिनिटं. यलोस्टोनचा बराचसा भाग आणि ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिणेचा कडा) त्याहून उंचावर आहेत, तेव्हा तिथे ३ धरा. गॅस संपला तर ईपीएने सांगितलेला उपाय: गॅलनभर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात ६ टक्क्यांच्या ब्लीचचे ८ थेंब किंवा ८.२५ टक्क्यांच्या ब्लीचचे ६, ढवळा, ३० मिनिटं थांबा, हलका वास यायला हवा. ग्रँड कॅन्यनवरून आठवलं, तिथलं सगळं पाणी दरीतल्या एका झऱ्यावरून जुन्या पाइपलाइनने वर येतं, २०२४ च्या ऑगस्टअखेर ती फुटली तेव्हा साउथ रिमवरच्या हॉटेलांतले मुक्कामच काही दिवस बंद केले होते. अशा ठिकाणी टाकी खालच्या गावातूनच भरून वर जा.

भाड्याची आरव्ही घेणाऱ्यांना वर्षाची सफाई करणं शक्य नाही. गाडी ताब्यात घेताना टाकी शेवटची कधी निर्जंतुक केली ते विचारा, समोरचा माणूस उत्तर देताना काय चेहरा करतो त्यावरून कळतं. मग टाकीचं पाणी अंघोळ, भांडी, टॉयलेट, आणि पिण्या-स्वयंपाकाला ५-७ गॅलनचा एक वेगळा नळवाला जार. कुकरमध्ये वरणभात उकळतो तेव्हा काही वाटत नाही, पण दात घासताना, कोशिंबिरीच्या काकड्या धुताना लोक नकळत टाकीचंच पाणी वापरतात, तिथेही जारच घ्या.

वास आलाच तर तो कुठला ते ओळखा. फक्त गरम नळाला सडक्या अंड्याचा वास असेल तर गुन्हेगार हीटर, पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू आणि अ‍ॅनोड रॉड यांचं जमलेलं असतं. हीटर रिकामा करा, धुवा, ब्लीच घ्या, अ‍ॅनोड तपासा. पण अ‍ॅनोड काढून नुसता प्लग लावून मोकळे होऊ नका, वास जाईल आणि टाकी गंजेल. गरम-थंड दोन्हीला वास असेल तर टाकी, होज किंवा मुळात ते पाणीच. सिटी वॉटरवर वास नाही आणि पंपावर आहे, म्हणजे टाकी नक्की. नुसता कुबट वास आणि तोही पहिल्या मिनिटात असेल तर होज. नव्या गाडीत प्लास्टिकची चव येते, ती दोन-चारदा भरून रिकामं केल्यावर जाते. आणि गरम पाणी कोमट ठेवायची काटकसर नको, लिजिओनेला हा जंतू साधारण ७७ ते ११३ फॅरनहाइटमध्ये मजेत वाढतो. वापरायचं नसेल तेव्हा हीटर बंद, वापरायचं असेल तेव्हा पुरतं तापू द्या.

थंडीच्या राज्यांत, आमच्या मिशिगनसारख्या, ऑक्टोबरात पाणी काढून ठेवावंच लागतं, नाहीतर पाइप आणि पंप फुटतात. वरच्यासारखंच सगळं रिकामं करा, फिल्टर काढा, हीटर बायपास करा (हे राहिलं तर हीटर भरण्यातच ६ गॅलन अँटीफ्रीझ जातं), आणि पंपाच्या नळीतून आरव्हीसाठीचं गुलाबी अँटीफ्रीझ ओढून प्रत्येक नळाला गुलाबी येईपर्यंत सोडा. साधारण २ ते ३ गॅलन लागतं. बाहेरचा शॉवर इथेही विसरू नका. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते एक थेंबही पाण्याच्या पाइपांत जाता कामा नये. शेवटी प्रत्येक मोरीत कपभर गुलाबी ओता, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपातलं पाणीही गोठत नाही. वसंतात पहिल्यांदा नळ सोडला की फेस आणि गोडसर चव येते, ती जाईपर्यंत साधं पाणी वाहू द्या आणि मगच ब्लीचचं माप घ्या.